लाटण्यांचा मोर्चा: रांगेत गेलेल्या वेळेचा हिशेब

थाळी वाजवणं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे 22 मार्च 2020 ची संध्याकाळ येते. पाच वाजले, लोक गॅलरीत आले, ताटं-चमचे वाजले, मोबाइलवर व्हिडिओ फिरले. पण मुंबईत तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या काही बायका होत्या, ज्यांना थाळीचा आवाज आधीपासून ओळखीचा होता. त्यांनी ती वाजवली होती 1972 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, आणि तीही सरकारवर चिडून. साखर मिळत नव्हती, रॉकेल मिळत नव्हतं, तेलाचे भाव रोज नवे होते.

आजचा भाग त्या चिडण्याबद्दल आहे. इतिहासाच्या पुस्तकात लढाया, तह, निवडणुका येतात. रॉकेलच्या रांगेत गेलेली सकाळ येत नाही. का, तर ती फार किरकोळ. पण ही किरकोळ गोष्ट रोज, घराघरात, वर्षानुवर्षं घडली आणि बहुतेक एकाच माणसाच्या वाट्याला आली. त्या माणसाला घरात आई म्हणतात.

थोडं मागे जाऊ. मुंबईत रेशनिंग आलं 1943 मध्ये. दुसरं महायुद्ध चालू होतं, जपानने ब्रह्मदेश घेतला होता आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला होता. स्वातंत्र्यानंतर, 1947 च्या अखेरीस, गांधीजींच्या आग्रहामुळे नियंत्रणं उठली. भाव भडकले आणि पुढच्याच वर्षी नियंत्रणं परत आली. तेव्हापासून रेशन कार्ड हा घरातला महत्त्वाचा कागद होऊन बसला. ओळख पटवायला कार्ड, पत्ता दाखवायला कार्ड. लग्नाला जास्तीची साखर हवी? पत्रिका जोडून अर्ज करा, परमिट मिळेल तेव्हा मिळेल. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असायचं घरच्या पुरुषाचं. पिशवी आणि डबा घेऊन उभी असायची ती त्याची बायको, नाहीतर शाळेला उशीर होणारं पोर.

रांगेचं एक शास्त्र होतं बरं का. आरेच्या दुधासाठी पहाटे नंबर लागायचा. स्वतःला उभं राहता येत नसेल तर पिशवी ठेवायची, चप्पल ठेवायची, नाहीतर दगड. त्या दगडाला नंबर असायचा आणि शेजारीण त्याची राखण करायची. दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर चमकीच्या कागदाचं झाकण. बाटली हातातून सुटली की दूधही गेलं आणि बाटलीही. दोन्हीसाठी बोलणी घरी खायची. रॉकेल ओतताना मापात फेस यायचा आणि दुकानदार फेसासकट माप मोजायचा. तांदळात खडे. आज या आठवड्याची साखर आली नाही, उद्या या. उद्या गेलं की दुकान बंद.

असल्या छोट्या कापाकापीचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. आता गणित करा: एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा कुठून आणणार? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे तुम्ही सुट्टे दोन आणे दिले की अर्धा पैसा गेला. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला हा अर्धा पैसा दिसायचा. बाकीच्यांना नाही.

मग आलं 1972. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, सुकडी खात होते, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी दळत होते. त्याच्यापुढे मुंबईतली साखरेची रांग म्हणजे काहीच नाही. दोन्ही एका तराजूत घालायचं नाही. पण शहरातलं रेशन आटलं, भाव चढले, आणि 1973 च्या ऑक्टोबरनंतर जगभर तेलाचं संकट आल्यावर तर सगळंच बिघडलं. 1974 मध्ये देशातली महागाई वर्षाला वीस टक्क्यांच्या वर गेली. पगार मात्र होता तिथेच. फरक भरून कुठून काढायचा? स्वयंपाकघरातून. आमटी पातळ, पोळी मोजून, आणि शेवटी जेवणारीच्या ताटात उरेल ते.

या काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. त्यातल्या तीन नावांकडे बघा. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट. या पक्षांचे पुरुष एकमेकांवर लेखच्या लेख लिहून टीका करत. बायका मात्र एका मोर्चात आल्या, कारण दोघींच्याही घरी तेलाचा डबा तितकाच रिकामा होता. हे मी जरा सोपं करून सांगतोय, राजकारण त्यात होतंच. पण साखर आणि रॉकेल हा मुद्दा नसता तर त्या इतक्या सहज एकत्र आल्या असत्या असं मला वाटत नाही.

मृणालताईंना तोवर लोक 'पाणीवाली बाई' म्हणू लागले होते. त्या डॉक्टरकीचं शिक्षण सोडून चळवळीत आलेल्या. 1958 मध्ये पती केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या आणि गोरेगावच्या नळाला पाणी आणण्यासाठी भांडत राहिल्या. नळावरचं भांडण हे बायकांचं भांडण म्हणून हसण्यावारी नेलं जायचं. त्यांनी ते सभागृहात नेलं.

समितीचे मोर्चे निघाले, धरणं झाली, मंत्र्यांना घेराव पडले, आणि हातात काय? लाटणं. मला यातली अक्कल फार भारी वाटते. लाटणं प्रत्येक घरात असतं, विकत आणावं लागत नाही. पोलिसांनी त्याला हत्यार म्हणून जप्त करायचं तर स्वतःचंच हसं. आणि जिला मोर्चाला जाता येत नाही, म्हणजे घरी तान्हं मूल आहे, सासू आजारी आहे, नवऱ्याला आवडत नाही, तिच्यासाठी थाळीनाद. ठरलेल्या वेळी आपल्याच गॅलरीत उभं राहून थाळी बडवायची. चाळीत एक थाळी वाजली की शेजारची गप्प कशी बसेल?

टीकाही करायला जागा आहे. लाटणं हातात घेऊन निघालेली बाई शेवटी स्वयंपाकघराच्या नावानेच बोलत होती. रॉकेल मिळालं पाहिजे, ही मागणी होती. स्टोव्हपुढे नेहमी मीच का, हा प्रश्न मोर्चात नव्हता. पण ज्या बाईने त्याआधी कधी घोषणा दिली नव्हती, ती रस्त्यावर आली ती या मागणीमुळेच.

25 जून 1975 ला आणीबाणी आली आणि मोर्चे थांबले. मृणालताई आधी भूमिगत झाल्या, मग पकडल्या गेल्या. अहिल्याताई आणि प्रमिलाताईही तुरुंगात गेल्या. 1977 च्या निवडणुकीत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघी मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. लोकांनी घोषणा केली: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. 1980 मध्ये प्रमिला दंडवतेही लोकसभेत पोचल्या.

रेशन कार्डाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. 2013 चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा सांगतो की कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री असेल. मुंबईत रेशनिंग आल्याला तेव्हा सत्तर वर्षं झाली होती. आता दुकानात मशीन आहे, त्यावर बोट टेकवावं लागतं. भांडी घासून, शेतात राबून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात, त्या आजींचा अंगठा कधीकधी मशीनवर उमटत नाही. मग दुकानदार म्हणतो, हात पुसून परत लावा. नाहीच लागला तर, उद्या या.

घरी जुनं रेशन कार्ड असेल तर काढून बघा. नाव कुणाचं आहे ते वाचा, आणि रांगेत कोण उभं राहायचं ते आजीला विचारा. ती सांगेल ते रेकॉर्ड करून ठेवा, मोबाइल हातात आहेच.