टोमॅटोवरील रोग, किडी व विकृती

टोमॅटोच्या पिकाला बुरशी, जिवाणू, विषाणू व कीटक यांच्यामुळे, तसेच पाणी, अन्नद्रव्ये वा तापमान यांच्या असंतुलनामुळे अपाय होतो. कारणानुसार उपाय बदलत असल्याने अचूक निदान हा व्यवस्थापनाचा पाया होय. महाराष्ट्रात जुन्नर व नाशिक परिसरातील टोमॅटो उत्पादकांच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे.

रोग

लवकर येणाऱ्या करप्यात पानांवर वलयांकित तपकिरी ठिपके पडतात. उशिरा येणारा करपा थंड व दमट हवेत झपाट्याने पसरतो. पर्णगुच्छ हा रोग विषाणूजन्य असल्याने फवारणीने बरा होत नाही. त्याचा प्रसार करणाऱ्या पांढऱ्या माशीला रोखावे लागते. त्यासाठी रोपवाटिकेवर बारीक छिद्रांची जाळी लावतात आणि रोगट झाडे उपटून नष्ट करतात. ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर व लवकर येणारा करपा यांना प्रतिकारक आहे.

किडी

फळे पोखरणाऱ्या अळीसाठी टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ सापळा पीक म्हणून लावतात. मूळची दक्षिण अमेरिकेतील ‘टुटा ॲब्सोल्युटा’ ही नागअळी भारतात २०१४ मध्ये प्रथम आढळली. तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी कामगंध सापळे वापरतात.

विकृती

फळाचे देठाविरुद्धचे टोक काळे पडून खोलगट होणे, हा संसर्ग नसून फळाला कॅल्शियम अपुरे पडल्याचा परिणाम असतो. जमिनीत कॅल्शियम असूनही अनियमित पाण्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी बुरशीनाशकावरील खर्च व्यर्थ जातो. पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवणे हाच मुख्य उपाय ठरतो. दीर्घ ताणानंतर एकदम भरपूर पाणी मिळाल्यास फळे तडकतात.