चाकणची तटबंदी : छप्पन्न दिवस

आपल्या सोसायटीतल्या कित्येक घरांची चूल चाकणच्या कंपन्यांवर पेटते. रोज बसमधून चौक ओलांडायचा, ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडायची आणि शिफ्ट गाठायची. त्या चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर संग्रामदुर्ग आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघे मुद्दाम तट बघत पायी हिंडलो.

हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, त्यामुळे सगळी भिस्त तटावर, बुरुजांवर आणि भोवतीच्या खंदकावर. आत जायची वाट पूर्वेकडून. आता थोडे बुरुज, दरवाजा, तटाचे तुकडे आणि बुजत आलेला खंदक उरलाय. मधला तट कुठे गेला, हे विचारण्यात अर्थ नाही. घरं थेट येऊन भिडली आहेत.

जून १६६० मध्ये शाइस्तेखानानं चाकणला वेढा घातला. अहमदनगरहून इथवर रसद आणायला घाट चढावा लागत नाही, हे त्याचं गणित. (कारखानेही इथं सपाटी बघूनच आले की!) किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. मदत येणार कुठून? महाराज स्वतः तेव्हा पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. तरी भर पावसात फिरंगोजींनी छप्पन्न दिवस किल्ला झुंजवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला आणि १४ ऑगस्टला ईशान्येचा बुरुज उडाला. आतल्यांनी मागे मातीचा बांध घालून ठेवला होता. त्याच्या आडून ते रात्रभर लढले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मोगलांकडचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाले. एका भुईकोटासाठी ही किंमत बघून मोगलांनी पुढे किल्ल्यांना वेढे घालताना दहादा विचार केला असणार, असं आपलं मला वाटतं.

खानानं फिरंगोजींना मोगलांची चाकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. किल्ल्याचं नाव इस्लामाबाद ठेवलं गेलं. गावाला ते कधी चिकटलं नाही.

बघायला जायचं तर रविवारी सकाळी लवकर निघा, गाडी बाहेरच लावा. पायात बूट हवेत, तटाजवळ गवत माजतं. पोरांना आधी बाहेरून खंदकाच्या कडेकडेनं फिरवा आणि मगच दरवाज्यातून आत न्या.