जंगली लाकूड



मागच्या वेळी आपण 'मूल्य' या शब्दाकडे तत्त्वज्ञानाच्या बाजूने पाहिले होते. आज तोच प्रश्न इतिहासाच्या बाजूने घ्यायचा आहे, आणि तोही लाकडाच्या निमित्ताने. याला कारण आमचा एक जुना विद्यार्थी. नुकतेच त्याचे लग्न झाले आहे. दोघे मध्यंतरी घरी आले आणि दोन प्रश्न विचारून गेले. पहिला असा: "सर, टेबल आणि दिवाण घरीच बनवायचा आहे, कुठलं लाकूड परवडेल?" दुसरा सूनबाईंचा: "दोन दिवस मुंबईला फिरायला जायचंय, फक्त दोघांनी. काय पाहावं?" आम्ही तेव्हा चहा दिला आणि विचार करून सांगतो म्हटले. विचार करताना लक्षात आले की या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ते उत्तर आज तुमच्या साक्षीने देऊन टाकू.

सुरुवात वखारीपासून करू. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात जा, नाहीतर तुमच्या गावच्या वखारीत जा. वखारवाला पहिला प्रश्न विचारेल, "साग पाहिजे की जंगली?" आता 'जंगली' नावाचे काही झाड नसते. ऐन, बाभूळ, किंजळ, आंबा, काय वाट्टेल ते त्या नावाखाली येते. साग काय बंगल्यात उगवतो? तोही जंगलातलाच. मग एकाला नाव आणि बाकीच्यांना मिळून एक आडनाव, हे कधी झाले आणि कोणी केले? आमचे म्हणणे एवढेच आहे की 'स्वस्त' हा लाकडाचा गुण नाही. बाभूळ सागापेक्षा कठीण आहे, आपल्या बैलगाड्यांची चाके आणि नांगर तिच्यावर चालले. फणस दिसायला सुंदर आहे, वीणा त्यातून कोरतात. तरी ती लाकडे 'जंगली'. हे झाडाच्या अंगात नाही, कोणाला कशाची गरज होती आणि तोडायचा हक्क कोणाकडे होता, त्यात आहे.

या हक्काबद्दलचा आपल्याकडचा एक फार मोलाचा मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. काळ साधारण 1715 चा. आरमाराच्या प्रकरणात अमात्य लिहितात, त्याचा आशय आमच्या शब्दांत सांगतो. जहाजांना सागासारखी लाकडे लागतात, ती हुजूरच्या परवानगीने तोडावीत, कमी पडतील ती बाहेरून विकत आणावीत. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे आहे, पण त्याला हात लावू नये. कारण ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही. एखादे झाड अगदी जुने होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती मुळीच करू नये.

यात निसर्गप्रेम वगैरे शब्द नाहीत. राज्याला लाकूड हवेच आहे, आरमार बांधायचेच आहे. पण लाकडाची किंमत ठरवताना अमात्य एक रकाना जास्त ठेवतात: झाड लावणाऱ्याचे दुःख. आमच्या मते आजच्या व्याख्यानाचा सगळा प्रश्न एवढाच आहे, की हा रकाना पुढे गेला कुठे.

आता मुंबईला जाऊ. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे सुतार मुंबईत आले आणि इथे जहाजबांधणी उभी राहिली. 1750 मध्ये सुकी गोदी तयार झाली. इंग्रजांची जहाजे तोवर ओक लाकडाची असत. युद्धांमुळे तिकडे ओक कमी पडू लागला. शिवाय ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागात तेलाचा अंश असतो, त्यामुळे खिळा टिकतो, पाणी सोसते, वाळवीही सहजासहजी लागत नाही. 1810 मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेले 'मिंडेन' पाण्यात उतरले. 1817 चे 'त्रिंकोमाली' मलबारच्या सागाचे आहे, आणि ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल बंदरात आजही तरंगते आहे. ज्या 'कॉर्नवॉलिस'वर 1842 मध्ये चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली, तेही मुंबईच्याच गोदीत बांधलेले. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा साग थेट चीनच्या इतिहासात गेला.

या सागासाठी कंपनीने 1806 मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन यांना जंगलांचे कॉन्झर्व्हेटर नेमले. सागावरचा हक्क कंपनीने स्वतःकडे घेतला. स्वतःच्या जमिनीतले झाड मालकाला तोडता येईना. इतका असंतोष झाला की 1823 मध्ये ही व्यवस्था मोडावी लागली. पण एक गोष्ट कायमची झाली: साग हे सरकारच्या नजरेतले झाड ठरले.

पुढची पायरी रेल्वेची. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि मग रुळांखालच्या स्लीपरांसाठी रानेच्या राने उतरली. 1864 मध्ये जंगलखाते निघाले, 1865 मध्ये पहिला कायदा आला, 1878 च्या कायद्याने राखीव जंगलांची पकड घट्ट केली. काल जे लाकूड, जो पाला, जे गवत गावाचे होते, ते आणायला गेलेला माणूस आज गुन्हेगार झाला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यामुळे शेतकऱ्याच्या गुराढोरांची जी कोंडी झाली ती स्वच्छ सांगितली आहे. 25 सप्टेंबर 1930 ला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसे मेली. आपण मिठाचा सत्याग्रह शाळेत शिकतो. लाकूड-गवताचा सत्याग्रह मात्र स्पर्धा परीक्षेच्या एका ओळीत संपतो.

तर मंडळी, साग महाग आहे तो चांगला आहे म्हणून, हे अर्धे खरे. उरलेले अर्धे असे की जहाज, रेल्वे आणि साहेबाचा बंगला या तिघांनी मिळून त्याला दर्जा दिला, आणि ज्याची सरकारला तेवढी गरज नव्हती ते 'जंगली' ठरले. आपल्या घरात 'सागवानी' म्हणताना जो आवाज थोडा जड होतो ना, तो दीडदोनशे वर्षांचा आहे.

आता विद्यार्थ्याला उत्तर. आम्ही सुतार नाही, पण एकदा चांगली फी भरली आहे, ती हकिगत सांगतो. आमचे लग्न 1976 चे. भाड्याच्या दोन खोल्या. हातात 300 रुपये शिल्लक. त्यात एक टेबल तरी व्हावे नाहीतर दोघांनी मुंबई तरी पाहावी, असा पेच होता. आम्ही हुशारी केली. म्हटले, स्वस्त लाकूड घेऊ, स्वतः ठोकू, आणि उरलेल्या पैशांत मुंबई करू. एका वखारीतून आंब्याच्या फळ्या आणल्या. "वाळलेलं आहे ना?" विचारल्यावर तो "हो" म्हणाला, आम्ही "बरं" म्हटले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने पुरावा मागितला नाही! पावसाळा झाला आणि टेबलाखाली रोज सकाळी पिठासारखा भुसा पडू लागला. आत भुंगा लागला होता. फळीही मधोमध वाकली. पत्नी म्हणाली, "टेबल दळतंय, तेवढं चाळून घ्या."

म्हणून सांगतो. आंबा स्वस्त आहे आणि वाईट मुळीच नाही, पण तो पक्का वाळलेला हवा आणि बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेला हवा. बाभूळ पायांना उत्तम, मात्र जड आणि रंध्याला हट्टी, ओली असेल तर तडकते. रबराचे लाकूड अलीकडे बरेच मिळते. केरळात पंचवीस-तीस वर्षे चीक दिल्यावर ते झाड तोडतात. पूर्वी ते चुलीत जाई, आता प्रक्रिया करून त्याचे फर्निचर होते. घरात, कोरड्या जागी ते चांगले टिकते. खोक्यांच्या देवदारी फळ्या नवशिक्याला हात बसवायला चांगल्या, फक्त खिळे नीट काढा. आणि पाचवी वाट जुन्या लाकडाची. पुण्यातले वाडे पडतात तेव्हा तुळया, खांब, दारे विकायला येतात. तो साग केव्हाच वाळून मुरलेला असतो आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही. आत मोडका खिळा लपलेला नाही ना, हे बघून मगच करवत लावायची.

हिशोबही करून जा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागा, घनफूट निघतात. चार फूट बाय दोन फुटांचा, एक इंच जाडीचा टेबलाचा माथा म्हणजे पाऊण घनफुटाच्या आत. अडीच फुटांचे, दोन इंच चौकोनी चार पाय आणि खालची तीन इंची चौकट धरली तर सगळे मिळून साधारण सव्वा. तुटफुटीसह दीड घनफूट मागा. एवढे कागदावर असले की वखारीत आपला आवाज आपोआप बदलतो.

स्वतः ठोकण्याला आणखी एक अर्थ आहे. 1974 मध्ये मिलान शहरात एन्झो मारी या इटालियन कलावंताने साध्या फळ्या आणि खिळ्यांपासून करता येतील अशा एकोणीस वस्तूंचे नकाशे मांडले, आणि टपालखर्च पाठवील त्याला ते फुकट दिले. वस्तू कारखान्यात बनवून विकायला मात्र मनाई. त्याचे म्हणणे, माणसाने एकदा स्वतः टेबल केले की दुकानातले टेबल तो वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. आमचे टेबल फसले, पण हे मात्र शंभर टक्के खरे ठरले. त्यानंतर कुठल्याही घरी गेलो तरी आम्ही आधी टेबलाखाली वाकून बघतो. त्यावरून आम्हाला घरात बोलणी बसतात.

सूनबाईंना उत्तर. सकाळची डेक्कन क्वीन पकडा. फोर्टात पायी हिंडा. हे ध्यानात ठेवा की 1803 च्या फेब्रुवारीत या भागात प्रचंड आग लागली होती आणि तिने बरीच वस्ती खाल्ली. गोदी आता नौदलाची आहे, आत जाता येत नाही. मग गेटवेला बोटीत बसा आणि समुद्राकडून किनारा बघा. जहाजाला जशी दिसत असेल तशी मुंबई दिसते. संध्याकाळ गिरगाव चौपाटीला, त्यासाठी आमचा सल्ला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी खोताच्या वाडीत जा. तिथली लाकडी जिने-सज्जांची घरे उरली आहेत तोवर बघून घ्या, लोक राहतात तिथे, हळू बोला. मग भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय, हे 1872 पासूनचे. वेळ उरला तर चोरबाजारात जुनी कपाटे, खुर्च्या नुसत्या हाताने चाचपा. शुक्रवार मात्र टाळा. आम्ही 1976 मध्ये यातले निम्मेच पाहिले. दुपारभर गोदीच्या भिंतीकडेने चाललो. आत काय आहे हे पत्नीने विचारले आणि आम्हाला सांगता आले नाही. आज जे सांगितले ते त्या भिंतीनंतर वाचलेले आहे.

शेवटी एक राहिले. टेबल मोडल्याचे पत्र सासुरवाडीला, कोकणात पोचले. परसात आजेसासूबाईंनी लावलेला फणस होता. फळ धरायचा थांबला होता, पोखरला होता. सासरेबुवांनी तो तोडून आम्हाला फळ्या पाठवायचे ठरवले. आम्ही लगेच हो म्हटले, फुकट लाकूड! त्याच सुमारास पत्नी माहेरी होती. परत आल्यावर तिने सांगितले की आजी तेव्हा हयात होत्या. सासरेबुवांनी आधी त्यांना विचारले. त्या आठ दिवस काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "पोरीच्या घरी जातोय ना, मग जाऊ दे." आणि तोडताना मागच्या दारी गेल्या.

तेव्हा आम्ही आज्ञापत्र वाचलेले नव्हते. पुढे ते वाचले तेव्हा त्या 'संतोषाने' या शब्दापाशी बराच वेळ थांबलो. आम्हाला फुकट वाटलेल्या लाकडाची किंमत आठ दिवसांचे मौन होती, आणि ती कोणी आम्हाला सांगितली नसती तर हिशोबात आलीच नसती.

ते टेबल अजून आहे. पिवळे होते, आता काळपट तांबूस झाले आहे. या व्याख्यानाची टिपणे त्याच्यावरच लिहिली. पत्नी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आमचे काही चुकले असेल तर प्रश्नोत्तरांत पहिला हात त्यांचा वर येईल, त्याची आम्हाला खात्री आहे.