परदेशातील अल्पमुदतीचा अभ्यासक्रम : पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे?

डिसेंबर-जानेवारी उजाडला की मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतील सूचनाफलकांवर परदेशी उन्हाळी अभ्यासक्रमांची पत्रके झळकू लागतात. तीन-चार आठवडे युरोपात शिक्षण, नामवंत विद्यापीठाचा परिसर आणि शेवटी एक प्रमाणपत्र, असे त्यांचे साधारण स्वरूप असते. दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबाला हा मार्ग आवाक्यातला वाटतो, आणि एखादी मुदत ठेव मोडून पैसे भरले जातात. परत आल्यावर मात्र ते प्रमाणपत्र आपल्या विद्यापीठात कोणत्याच रकान्यात बसत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. हे टाळता येण्याजोगे आहे. अशा अभ्यासक्रमाचे मोल शहराच्या नावावर ठरत नाही. तेथून परतताना हाती काय येते यावर ठरते. त्याची चौकशी पैसे भरण्यापूर्वीच करावी लागते.

या लेखात मुख्यतः जर्मनीचे उदाहरण घेतले आहे. पुणे-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आणि विद्यापीठांतील परकीय भाषा विभागांमुळे जर्मन शिकणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत, आणि तेथील अनेक विद्यापीठे इंग्रजीतूनही छोटे अभ्यासक्रम घेतात. इतर देशांचे वेगळे नियम शेवटी थोडक्यात दिले आहेत.

शिकवणार कोण?

पहिला प्रश्न हाच असावा. उन्हाळ्याच्या सुटीत युरोपातील, विशेषतः ब्रिटनमधील, अनेक शिक्षणसंस्था आपली वसतिगृहे व वर्गखोल्या बाहेरच्या कंपन्यांना भाड्याने देतात. अशा वेळी वर्ग विद्यापीठाच्या इमारतीत भरतो, परंतु प्रवेश, अध्यापन आणि प्रमाणपत्र त्या कंपनीचे असते. यात बेकायदेशीर काही नाही. मात्र त्या प्रमाणपत्राला विद्यापीठाच्या प्रमाणपत्राचे वजन नसते.

खात्री करून घेण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. अभ्यासक्रमाची माहिती विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का? प्रवेशपत्र विद्यापीठाच्या अधिकृत ई-मेल पत्त्यावरून येते का? शुल्क ज्या बँक खात्यात भरायचे ते कोणाच्या नावावर आहे? जर्मनीपुरते बोलायचे तर डीएएडी ही जर्मन शैक्षणिक विनिमय संस्था १९२५ पासून कार्यरत असून तिचे प्रादेशिक कार्यालय नवी दिल्लीत आहे. तिच्या संकेतस्थळावरील शोधयादीत भाषा व अल्पमुदतीचे अभ्यासक्रम वेगळे काढून पाहता येतात. शोधाची सुरुवात एजंटाच्या पत्रकाऐवजी तेथून करावी. शिष्यवृत्तीच्या योजना दरवर्षी बदलत असल्याने त्या वर्षीची यादी तेथेच पाहावी.

क्रेडिटचा हिशेब

युरोपातील विद्यापीठे ईसीटीएस ही समान क्रेडिट पद्धत वापरतात. एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम, असे तिचे माप आहे. या तासांत तासिका, वाचन, निबंध आणि परीक्षेची तयारी हे सर्व धरले जाते.

या मापाने जाहिरातीची परीक्षा सहज करता येते. चार आठवड्यांत ६ क्रेडिट म्हणजे १५० ते १८० तास, अर्थात आठवड्याला सुमारे ४० तास. हे कष्टाचे असले तरी शक्य आहे. दोन आठवड्यांत १० क्रेडिट मिळतील असे कोणी सांगत असेल, तर २५० तास १४ दिवसांत बसवावे लागतील, म्हणजे रविवारसह रोज जवळजवळ १८ तास. असा अभ्यासक्रम कागदावरच असू शकतो.

दुसरा मुद्दा आपल्याकडील मान्यतेचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे पदवीच्या एका वर्षाला साधारण ४० क्रेडिट धरली जातात. त्यामुळे विद्यापीठाने वर्षाच्या प्रमाणात हिशेब केला, तर तेथील ६ क्रेडिटला येथे ४ च मिळतील. २०२१ पासून अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही व्यवस्था सुरू झाली असली, तरी परदेशातील क्रेडिट तीत आपोआप जमा होत नाहीत. दोन विद्यापीठांत करार असेल तर मार्ग सुकर असतो. नसेल तर निर्णय आपले महाविद्यालय व विद्यापीठ यांच्या हाती राहतो. म्हणून निघण्यापूर्वी अभ्यासक्रमाचा आराखडा, एकूण तास आणि मूल्यमापनाची पद्धत विभागप्रमुखांना दाखवून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. विभागप्रमुख बदलले की ते आश्वासनही जाते.

परतताना उपस्थितीचे प्रमाणपत्र पुरेसे नाही. श्रेणी, क्रेडिट आणि तास यांची नोंद असलेले गुणपत्रक मागून घ्यावे. ज्या अभ्यासक्रमात परीक्षा वा निबंध नाही, त्याचे गुणपत्रक मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

क्रेडिट मिळणार नसतील तर जाऊच नये, असे मात्र नव्हे. जर्मन भाषेची एक पातळी पूर्ण करणे, पुढे जेथे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तो विभाग प्रत्यक्ष पाहणे, किंवा आपल्याकडे शिकवला न जाणारा विषय शिकणे, ही कारणेही पुरेशी आहेत. फक्त आपले कारण कोणते, हे आधी ठरलेले असावे.

सुट्यांचा पेच

जर्मन विद्यापीठांत उन्हाळी सत्राच्या तासिका एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात. त्यामुळे बहुतेक उन्हाळी अभ्यासक्रम जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत असतात. आपल्या मे महिन्याच्या सुटीशी त्यांचा मेळ बसत नाही. त्या काळात येथे नवे सत्र सुरू झालेले असते आणि ७५ टक्के उपस्थितीची अट डोक्यावर असते. एक महिना बुडाला तर परीक्षेला बसण्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

यावर दोन उपाय आहेत. पदवीची अंतिम परीक्षा झाल्यानंतर आणि पुढील प्रवेशाच्या आधी मिळणारा अवकाश निवडणे हा एक. जानेवारीत किंवा मे-जूनमध्ये सत्रे घेणारी मोजकी विद्यापीठे शोधणे हा दुसरा. दोन्ही शक्य नसतील तर प्राचार्यांकडून रजेची लेखी परवानगी घ्यावी. हे पत्र व्हिसाच्या अर्जातही उपयोगी पडते. विद्यार्थी येथे नोंदणीकृत असून अमुक तारखेला परत रुजू होणार आहे, असे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

खर्चाचा अंदाज

‘जर्मनीत शिक्षण मोफत आहे’ हे वाक्य येथे लागू पडत नाही. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे पदवीसाठी शिकवणी शुल्क घेत नाहीत हे खरे. परंतु उन्हाळी अभ्यासक्रम स्वतंत्र शुल्क आकारूनच चालवले जातात. त्यात निवास, जेवण, स्थानिक प्रवास आणि सहली यांपैकी काय समाविष्ट आहे, हे ओळीने विचारावे. दोन अभ्यासक्रमांची तुलना करताना केवळ शुल्काचा आकडा पाहिल्यास फसगत होते.

राहण्याच्या खर्चासाठी एक अधिकृत माप उपलब्ध आहे. अल्पकालीन व्हिसासाठी जर्मनी दिवसाला ४५ युरो हा संदर्भ आकडा धरते. २८ दिवसांसाठी ही रक्कम १,२६० युरो होते. विमानभाडे, विमा आणि व्हिसा शुल्क यांची बेरीज त्यावर करावी.

स्थानिक प्रवासासाठी ‘डॉइचलांड टिकेट’ हे देशभर चालणारे मासिक तिकीट सोयीचे असून जानेवारी २०२६ पासून त्याची किंमत ६३ युरो झाली. ते शहरातील बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांत चालते; आयसीई या वेगवान गाड्यांत चालत नाही. हे तिकीट वर्गणीच्या स्वरूपात असल्यामुळे महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द न केल्यास पुढील महिन्याचेही पैसे कापले जातात. मायदेशी परतल्यावर हा भुर्दंड अनेकांच्या लक्षात येतो.

पैसे पाठवताना

शुल्क शक्यतो आपल्या बँकेमार्फत थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेनुसार एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते; त्यासाठी पॅन आवश्यक आहे. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या अशा रकमेवर उगमस्थानी कर, म्हणजे टीसीएस, घेतला जात नाही. अल्पमुदतीचा अभ्यासक्रम बहुधा या मर्यादेत बसतो. मात्र एजंटाने तोच अभ्यासक्रम विमान आणि निवासासह परदेशी सहलीचे पॅकेज म्हणून विकला, तर ही सूट मिळत नाही आणि कर पहिल्या रुपयापासून लागतो. विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात.

व्हिसा

नव्वद दिवसांपर्यंतच्या अभ्यासक्रमासाठी शेंगेन व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, असा हा नियम असून पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही मोजला जातो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी त्याचे शुल्क ९० युरो आहे. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात. काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. उन्हाळ्यात अर्ज देण्यासाठी तारीख मिळणेच अवघड होते, त्यामुळे प्रवेशपत्र हाती येताच हालचाल करावी.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. प्रवेशपत्र, शुल्काची पावती, निवासाचा पुरावा, बँकेचे विवरण, पालक खर्च करणार असल्यास त्यांचे हमीपत्र व आयकर विवरणपत्रे आणि महाविद्यालयाचे पत्र ही मुख्य कागदपत्रे होत. व्हिसा मिळण्यापूर्वी परत न मिळणारे विमान तिकीट काढू नये. आरक्षण दाखवणे पुरेसे असते.

व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळत नाही. पूर्वी जर्मन वकिलातीकडे फेरविचाराचा विनामूल्य अर्ज करता येत असे. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करणे किंवा जर्मनीतील न्यायालयात जाणे एवढेच मार्ग उरले आहेत. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी दुसरा मार्ग व्यवहार्य नाही. म्हणूनच ‘व्हिसा न मिळाल्यास शुल्क परत मिळेल का आणि किती?’ या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळाल्याखेरीज पैसे भरू नयेत.

अभ्यासक्रम ९० दिवसांहून एका दिवसाने जरी मोठा असला, तरी राष्ट्रीय व्हिसा घ्यावा लागतो. शेंगेन व्हिसावर जाऊन तेथेच मुक्काम वाढवता येईल, या समजुतीत राहू नये. या व्हिसावर नोकरीही करता येत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर प्रवेश व निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून अधिक राहिलेला दिवस आता नजरेतून सुटत नाही.

इतर देशांचे नियम

ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नाही. तेथे मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यासक्रम साध्या अभ्यागत व्हिसावर करता येतो. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर केवळ हौसेखातर केलेला, क्रेडिट नसलेला छोटा अभ्यासक्रम चालतो. क्रेडिट हवी असतील तर एफ-१ विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षणाला वेगळा विद्यार्थी परवाना लागत नाही, मात्र अभ्यागत व्हिसा लागतोच. ऑस्ट्रेलियात अभ्यागत व्हिसावर तीन महिन्यांपर्यंत शिकता येते.

तयारीचा क्रम

जुलै-ऑगस्टच्या अभ्यासक्रमासाठी आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून शोध सुरू करावा. डिसेंबरपर्यंत दोन-तीन अभ्यासक्रम निश्चित करून त्यांचे आराखडे महाविद्यालयात दाखवावेत. याच सुमारास पासपोर्टची मुदतही तपासावी. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज, प्रवेश मिळताच शुल्क-परताव्याची लेखी हमी आणि मार्च-एप्रिलमध्ये व्हिसासाठी तारीख, असा क्रम ठेवल्यास धावपळ होत नाही.

या साऱ्यात पालकांना एक विनंती. मुलाने वा मुलीने वरील पत्रव्यवहार स्वतः करावा, असा आग्रह धरा. विद्यापीठाला चार ई-मेल लिहून नेमकी उत्तरे मिळवणे, विभागप्रमुखांना आपले म्हणणे पटवणे आणि खर्चाचा ताळेबंद मांडणे ही परदेशी शिकण्याची पहिली पायरी आहे. ती एजंटावर सोपवली, तर लाखो रुपये खर्चूनही पदरी बहुधा एक सहलच पडते.