अवधाण, गाठ आणि फवारणी

2017 चा खरीप यवतमाळ विसरलेला नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. देशभर बातम्या झाल्या, चौकशी बसली. ते विष लगेच दिसलं, म्हणून मोजलं गेलं. पण जे दहा-वीस वर्षांनी दिसतं, ते कोण मोजतंय?

पायात काटा रुतून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. जंतूंशी लढायला लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे वाढतात आणि जखम बरी झाली की ओसरतात. कधी मात्र ही वाढ आटोक्यात राहत नाही. त्याला डॉक्टर लिम्फोप्रोलिफरेटिव्ह विकार म्हणतात. असा प्रत्येक विकार कॅन्सर नसतो. काहींवर नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं. पण बिघडलेल्या पेशी बेलगाम वाढत सुटल्या, की तो लिम्फोमा किंवा रक्ताचा कॅन्सर.

1832 मध्ये लंडनच्या थॉमस हॉजकिन या डॉक्टरांनी अशा सुजलेल्या ग्रंथींचे 7 रुग्ण नोंदवले. पुढे एका प्रकाराला त्यांचं नाव मिळालं. बाकीचे सगळे नॉन-हॉजकिन लिम्फोमा.

आता आपल्या वावरात या. जुन्या लोकांना गॅमॅक्सिन पावडर आठवत असेल. तिच्यातलं विष म्हणजे लिंडेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2015 मध्ये ते माणसात कॅन्सर करतं असं जाहीर केलं. अमेरिका-कॅनडातल्या शेतीवरच्या अभ्यासांत लिंडेन हाताळणाऱ्यांना नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा धोका 60 टक्के जास्त आढळला होता. आपल्याकडे त्याचा वापर 2013 पासून बंद आहे. ग्लायफोसेट हे तणनाशकही 2015 मध्येच 'बहुधा कॅन्सरकारक' यादीत गेलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला मात्र ते पटलेलं नाही.

म्हणजे यवतमाळातला प्रत्येक लिम्फोमा फवारणीमुळेच, असं नाही. पण तिकडे उत्तर सापडलं, कारण कोणी कोणतं औषध वापरलं हे विचारून लिहून ठेवलं होतं. आपल्या केसपेपरवर व्यवसाय 'शेती' एवढंच लिहिलं, तर पन्नास वर्षांनीही काही कळणार नाही. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयापासून ही नोंद सुरू व्हावी: कोणतं औषध, किती वर्षं, पंपाने की हाताने. मजुरांनाही विचारा, फक्त सातबारावाल्यांना नको.

आणि तुमच्यासाठी एवढंच. मानेत, काखेत न दुखणारी गाठ तीन-चार आठवडे जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. टीबी असेल म्हणून अंदाजाने गोळ्या सुरू करू नका. तुकडा तपासून घ्यायचा का, ते विचारा.