८२ सामन्यांचे मोल किती?
'एनबीए'ची साखळी फेरी आणि विजेतेपदाचे गणित

अमेरिकेतील ऑकलंड शहरात १९ जून २०१६ रोजी 'एनबीए' या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीचा सातवा व निर्णायक सामना झाला. यजमान गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने त्या मोसमाच्या साखळीत ८२ पैकी ७३ सामने जिंकून इतिहास घडविला होता. शिकागो बुल्सने १९९५-९६ मध्ये मायकेल जॉर्डनच्या खेळाच्या बळावर नोंदविलेला ७२ विजयांचा विक्रम त्यामुळे मागे पडला होता. अंतिम फेरीतही वॉरियर्स एका टप्प्यावर ३-१ असे पुढे होते. परंतु हातातोंडाशी आलेला घास निसटला. साखळीत ५७ सामने जिंकणाऱ्या क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सने सलग तीन लढती जिंकल्या आणि शेवटच्या सामन्यात ९३-८९ अशी सरशी साधत करंडक नेला.

या निकालानंतर बास्केटबॉलच्या जगातील एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. साडेपाच महिने चालणाऱ्या आणि खेळाडूंना देशभर फिरविणाऱ्या या साखळीतील यशाचा बाद फेरीतील यशाशी खरोखर काही संबंध असतो काय? नसेल, तर एवढ्या सामन्यांचा खटाटोप कशासाठी?

स्पर्धेची रचना

'एनबीए'मध्ये ३० संघ असून, पूर्व आणि पश्चिम या दोन विभागांत प्रत्येकी १५ संघ खेळतात. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. त्यांपैकी सुमारे निम्मे घरच्या मैदानावर होतात. स्वतःच्या विभागातील संघांशी तीन किंवा चार वेळा, तर दुसऱ्या विभागातील प्रत्येक संघाशी दोन वेळा गाठ पडते. साखळीअखेर प्रत्येक विभागातील आठ संघ बाद फेरीत, म्हणजेच 'प्ले-ऑफ'मध्ये जातात. २०२१ पासून सातव्या ते दहाव्या क्रमांकावरील संघांना अखेरच्या दोन जागांसाठी पात्रता सामने खेळावे लागतात.

बाद फेरीत अव्वल मानांकित संघाची गाठ आठव्या क्रमांकाशी, दुसऱ्याची सातव्याशी अशा पद्धतीने लढती ठरतात. प्रत्येक लढत सात सामन्यांची असते आणि जो संघ आधी चार सामने जिंकतो तो पुढे जातो. पहिली फेरी १९८४ ते २००२ या काळात पाच सामन्यांची होती, २००३ पासून तीही सात सामन्यांची झाली. अशा चार फेऱ्या पार करून १६ विजय मिळविणारा संघ विजेता ठरतो. साखळीतील कामगिरीचे प्रत्यक्ष बक्षीस दुहेरी असते. वरच्या क्रमांकाच्या संघाला सुरुवातीला तुलनेने दुबळा प्रतिस्पर्धी मिळतो आणि लढत सातव्या सामन्यापर्यंत लांबली, तर तो सामना घरच्या मैदानावर खेळता येतो.

आकडे काय सांगतात?

वॉरियर्सचा पराभव गाजला, म्हणून तोच नियम मानणे चुकीचे ठरेल. २०२४-२५ च्या मोसमापर्यंत साखळीत ६७ किंवा त्याहून अधिक सामने जिंकण्याची किमया १४ वेळा साधली गेली. त्यांपैकी दहा वेळा त्याच संघाने विजेतेपदही पटकाविले. अपवाद चारच आहेत: १९७२-७३ मधील बॉस्टन सेल्टिक्स, २००६-०७ मधील डॅलस मॅव्हेरिक्स आणि २०१५-१६ या एकाच मोसमातील वॉरियर्स व सॅन अँटोनिओ स्पर्स.

मानांकनाचा विचार केला, तर चित्र अधिक स्पष्ट होते. सोळा संघांची बाद फेरी १९८४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या ४२ विजेत्यांपैकी ४१ संघ आपापल्या विभागात पहिल्या तीन क्रमांकांत होते. याच काळात अव्वल आणि आठव्या क्रमांकाच्या संघांमध्ये ८४ लढती झाल्या. त्यांत आठव्या क्रमांकाची सरशी केवळ सहा वेळा झाली: १९९४, १९९९, २००७, २०११, २०१२ आणि २०२३ मध्ये. आठव्या क्रमांकावरून अंतिम फेरीपर्यंत मजल मारणारे संघ दोनच, १९९९ मधील न्यूयॉर्क निक्स आणि २०२३ मधील मायामी हीट. दोघांनाही अखेरच्या पायरीवर १-४ अशी हार पत्करावी लागली आणि दोन्ही वेळा विजेता संघ पश्चिम विभागात अव्वल ठरलेलाच होता.

थोडक्यात, विजेतेपदाला लायक संघ कोणते, हे साखळी फेरी जवळपास अचूक सांगते. त्या चार-सहा संघांतून अंतिम विजेता कोण, हे मात्र ती ठामपणे सांगू शकत नाही.

विजयांपेक्षा फरक महत्त्वाचा

साखळीचा तक्ता वाचताना बहुतेक जण विजयांची संख्या पाहतात. अभ्यासक मात्र प्रत्येक सामन्यातील गुणांच्या सरासरी फरकाला अधिक महत्त्व देतात. एका गुणाने मिळविलेला आणि वीस गुणांनी मिळविलेला विजय तक्त्यात सारखाच दिसतो. परंतु अटीतटीच्या सामन्यांचे निकाल अखेरच्या एखाद्या फेकीवर अवलंबून असतात. तेथे नशिबाचा वाटा मोठा असतो आणि ते नशीब बाद फेरीत सोबत येईलच, अशी खात्री नसते.

याचे उत्तम उदाहरण २००६-०७ च्या मोसमात सापडते. डॅलसने ६७ सामने जिंकून पहिला क्रमांक मिळविला, स्पर्सच्या नावावर ५८ विजय होते. सरासरी फरकात मात्र स्पर्स पुढे होते. डॅलसचा फरक सात गुणांच्या आसपास, तर स्पर्सचा आठ गुणांहून अधिक होता. विजेतेपद अखेर स्पर्सनेच मिळविले. वॉरियर्सच्या विक्रमी मोसमातही हेच दिसते. ७३ विजय मिळविताना त्यांचा सरासरी फरक १०.८ गुणांचा होता. ७२ विजयांच्या बुल्सने मात्र १२.२ गुणांची सरासरी राखली होती. ओक्लाहोमा सिटी थंडरने २०२४-२५ मध्ये जवळजवळ १२.९ गुणांच्या फरकाचा नवा विक्रम केला आणि करंडकही जिंकला.

एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात वेळा

मग अव्वल संघ कधी कधी कोसळतात कशामुळे? पहिले कारण लढतीच्या स्वरूपात दडलेले आहे. साखळीत संघ आज एका शहरात, तर उद्या दुसऱ्या शहरात खेळतो. कित्येकदा सलग दोन दिवस सामने असतात. एका प्रतिस्पर्ध्यासाठी खास डावपेच आखण्यास वेळच मिळत नाही. बाद फेरीत दोन आठवडे तोच प्रतिस्पर्धी समोर असतो आणि सामन्यांदरम्यान सहसा किमान एका दिवसाचा खंड असतो. प्रशिक्षक चित्रफिती पाहून प्रतिस्पर्ध्याचे कच्चे दुवे शोधतात आणि त्यांवर पुन्हा पुन्हा घाव घालतात. साखळीत झाकून गेलेली एखादी उणीव येथे उघडी पडते.

डॅलसच्या बाबतीत २००७ मध्ये नेमके हेच घडले. पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर ४२ विजय आणि ४० पराभव अशी बेताची कामगिरी असलेला वॉरियर्स संघ होता. परंतु त्याच वॉरियर्सनी साखळीतील तिन्ही सामन्यांत डॅलसला हरविले होते. त्यांचे प्रशिक्षक डॉन नेल्सन हे डॅलसचे माजी प्रशिक्षक होते. डॅलसचा प्रमुख खेळाडू डर्क नोव्हित्स्की त्यांच्याच हाताखाली घडला होता. त्याची बलस्थाने आणि मर्यादा त्यांना पुरेपूर ठाऊक होत्या. उंचीने कमी, परंतु चपळ खेळाडू अंगावर सोडून त्यांनी नोव्हित्स्कीला जखडून ठेवले. निर्णायक सहाव्या सामन्यात त्याला १३ पैकी दोनच फेकी साधता आल्या. डॅलस २-४ असे गारद झाले. त्यानंतर काही दिवसांनी नोव्हित्स्कीला मोसमातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार स्वीकारावा लागला, तेव्हा त्याचा संघ स्पर्धेत उरला नव्हता. त्या संघाची भरपाई २०११ मध्ये झाली. ५७ विजय आणि तिसरे मानांकन असलेल्या डॅलसने त्या वर्षी मायामीला ४-२ असे नमवून पहिले विजेतेपद मिळविले आणि अंतिम फेरीचा मानकरी नोव्हित्स्कीच ठरला.

दुसरे कारण खेळाडूंच्या वापराचे आहे. साखळीत दमछाक टाळण्यासाठी प्रशिक्षक दहा-अकरा खेळाडूंना आलटून पालटून खेळवतात. बाद फेरीत ही संख्या सात-आठवर येते आणि प्रमुख खेळाडू ४८ पैकी ४० मिनिटांपर्यंत मैदानावर राहतात. साहजिकच राखीव फळीच्या बळावर साखळी गाजविणाऱ्या संघाचा लाभ येथे कमी होतो. मोजके, पण असामान्य खेळाडू असलेल्या संघाचे पारडे जड होते.

तिसरे कारण दुखापतींचे. शिकागो बुल्स २०१२ मध्ये पूर्व विभागात अव्वल होते. पहिल्याच सामन्याच्या अखेरीस डेरिक रोझचा गुडघा दुखावला आणि फिलाडेल्फियाने त्यांना घरी पाठविले. २०२३ मध्ये मिलवॉकी बक्सचा आधारस्तंभ यानिस अँटेटोकुम्पो पाठीच्या दुखापतीमुळे दोन सामन्यांना मुकला आणि मायामीने ती लढत ४-१ अशी जिंकली. २०१६ च्या अंतिम फेरीतही वॉरियर्सना एका सामन्यात निलंबनामुळे ड्रेमंड ग्रीनची, तर अखेरच्या दोन सामन्यांत दुखापतीमुळे अँड्र्यू बोगटची उणीव भासली होती.

साखळीतला संघ आणि बाद फेरीतला संघ

बेचाळीस विजेत्यांमधील एकमेव अपवाद म्हणजे १९९४-९५ चा ह्यूस्टन रॉकेट्स. ४७ विजयांसह पश्चिम विभागात सहाव्या स्थानी राहिलेल्या या गतविजेत्या संघाला एकाही फेरीत घरच्या मैदानाचा लाभ नव्हता. तरीही युटा, फिनिक्स, सॅन अँटोनिओ आणि अंतिम फेरीत ऑरलँडो या चारही बलाढ्य संघांना त्यांनी नमविले. या चौघांनीही साखळीत ५७ किंवा अधिक सामने जिंकले होते. परंतु येथेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हकीम ओलाजुवॉनच्या जोडीला क्लाइड ड्रेक्स्लर हा अनुभवी खेळाडू फेब्रुवारीत, म्हणजे निम्मा मोसम उलटल्यावर आला. सहावे स्थान ज्या संघाने मिळविले आणि करंडक ज्या संघाने उंचावला, ते दोन्ही एक नव्हते. म्हणूनच साखळीचा तक्ता वाचताना संघात कोण केव्हा आले आणि कोण किती सामने खेळले, हेही पाहावे लागते.

विश्रांतीचा वाद

साखळीच्या महत्त्वाचा प्रश्न केवळ आकडेशास्त्राचा नाही. तो तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाचाही आहे. स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मायामीतील सामन्याआधी टिम डंकन, टोनी पार्कर आणि मनू जिनोबिली यांच्यासह चार खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी पाठविले. लीगने स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. परंतु स्पर्स त्या मोसमात अंतिम फेरीत पोहोचले आणि पुढच्या मोसमात विजेते ठरले. २०१८-१९ मध्ये टोरांटो रॅप्टर्सने कावाय लेनर्डला साखळीतील ६० सामन्यांतच खेळविले. बाद फेरीसाठी ताजातवाना राहिलेल्या लेनर्डने संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले. हा धडा इतर संघांनी गिरवला. परिणामी आवडत्या खेळाडूसाठी दुरून आलेल्या प्रेक्षकाला तो साध्या कपड्यांत बाकावर बसलेला पाहावा लागू लागला.

यावर उपाय म्हणून लीगने २०२३-२४ च्या मोसमापासून नियम कडक केले. तारांकित खेळाडूंना विश्रांती देण्यावर मर्यादा आल्या. सर्वोत्कृष्ट खेळाडूसारख्या प्रमुख पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट घालण्यात आली. साखळी सामन्यांचे महत्त्व कमी होत असल्याची ही एक प्रकारे कबुलीच होती.

घरच्या मैदानाचा हिशेब

तरीही साखळी वाऱ्यावर सोडून चालत नाही, हे २०२५ मध्ये पुन्हा दिसले. ६८ विजय मिळविणाऱ्या थंडरला दुसऱ्या फेरीत डेन्व्हर नगेट्सने आणि अंतिम फेरीत इंडियाना पेसर्सने सातव्या सामन्यापर्यंत झुंजविले. डेन्व्हर आणि इंडियाना दोघेही साखळीत प्रत्येकी ५० विजय मिळवून आपापल्या विभागात चौथे आले होते. कागदावर १८ विजयांचे अंतर होते, मैदानावर ते एका सामन्याएवढेच उरले. परंतु दोन्ही निर्णायक सामने ओक्लाहोमा सिटीत झाले आणि दोन्ही थंडरने जिंकले. हिवाळ्यात मिळविलेले विजय असे जूनमध्ये कामी आले. 'एनबीए'च्या इतिहासात सातव्या सामन्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सामने यजमानांनी जिंकले आहेत, हे पाहता या लाभाचे मोल कळते. त्याच मोसमात क्लीव्हलँडने मात्र साखळीत ६४ सामने जिंकूनही दुसऱ्या फेरीत इंडियानाकडून १-४ अशी हार पत्करली. सातव्या सामन्यापर्यंत पोहोचताच आले नाही, तर घरचे मैदानही उपयोगी पडत नाही.

शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात. ८२ सामन्यांत मात्र साऱ्या भाताचीच परीक्षा होते, म्हणून तिचा निकाल सहसा चुकत नाही. बाद फेरीत विशिष्ट प्रतिस्पर्धी, त्या दोन आठवड्यांतील प्रकृती आणि प्रशिक्षकाची कल्पकता यांचा कस लागतो. त्यामुळे एप्रिलमध्ये तक्ता पाहताना पहिल्या तीन संघांबाहेर फारसे शोधू नये. त्या तिघांत मात्र विजयांपेक्षा गुणांचा फरक पाहावा, प्रमुख खेळाडू धडधाकट आहेत का हे तपासावे आणि समोर येणाऱ्या संघाने साखळीत आपल्याला किती वेळा हरविले, ते विसरू नये. डॅलसच्या ६७ विजयांवर भरवसा ठेवणाऱ्यांनी २००७ मध्ये वॉरियर्सविरुद्धच्या तीन पराभवांकडे दुर्लक्ष केले होते. साखळीने इशारा त्या तीन सामन्यांतच दिला होता.