एका डिस्टिलरीची तीन नावं

स्कॉटलंडमधल्या कॅम्बलटाउन गावच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीची व्हिस्की पाहून नवखा माणूस गोंधळतो. स्प्रिंगबँक, लाँगरो, हेझलबर्न ही तीन नावं, पण गाळणारं घर एकच. ही लेबलांची चलाखी, असा आक्षेप सहज सुचतो. तो टिकत नाही, कारण फरक लेबलाच्या कितीतरी आधी, मोड आलेली बार्ली, म्हणजे माल्ट, वाळवतानाच पडतो. स्प्रिंगबँकचा माल्ट पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनाच्या, धुरावर काही तासच राहतो. लाँगरोचा सुमारे ४८ तास. हेझलबर्नला फक्त गरम हवा मिळते. पुढे लाँगरो दोनदा गाळतात, हेझलबर्न तीनदा. स्प्रिंगबँकचा हिशेब ‘अडीच वेळा’ असा विचित्र आहे, कारण त्या व्हिस्कीतला काही भाग दोनदा, तर काही तीनदा गाळलेला असतो.

नावांचा उलगडा मात्र गावाच्या इतिहासातच होतो. एकोणिसाव्या शतकात या चिमुकल्या बंदरात वीसहून अधिक डिस्टिलऱ्या होत्या; १९३०च्या दशकाच्या मध्यावर स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया एवढ्या दोनच उरल्या. लाँगरो आणि हेझलबर्न याही गावातल्या वेगळ्या डिस्टिलऱ्याच होत्या: लाँगरो १८९६ मध्ये बंद पडली, हेझलबर्न १९२५ मध्ये. १८२८ मध्ये सुरू झालेल्या स्प्रिंगबँकने लाँगरो हे नाव १९७३ मध्ये आणि हेझलबर्न १९९७ मध्ये नव्या दारूला दिलं. जुन्या चवी त्यातून परत आल्या, असं मात्र कुणी समजू नये. बाटली निवडताना वयाच्या आकड्याआधी नाव वाचावं: धूर हवा असेल तर लाँगरो, नको असेल तर हेझलबर्न.